दुखऱ्या जागेपलीकडचे दुखणे

फायब्रोमायॅल्जियाचे निदान बहुतेक रुग्णांच्या वाट्याला उशिरा येते. मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या, पोटऱ्या असे सर्वांग महिनोन्‌महिने ठणकत असते, रात्रभर अंथरुणाला पाठ लावूनही सकाळी अंग आंबलेलेच असते, साध्या हिशेबात चूक होते किंवा बोलता बोलता नेमका शब्द सापडत नाही, आणि या काळात केलेल्या रक्ततपासण्यांत, क्ष-किरण चित्रांत व एमआरआयमध्ये एवढ्या दुखण्याला पुरेल असे कारण मात्र आढळत नाही. हाडांचे डॉक्टर, मज्जातंतूंचे डॉक्टर अशी फेरी झाल्यावर एखादे संधिवाततज्ज्ञ या आजाराचे नाव घेतात, तेव्हा आपले दुखणे खरे ठरल्याचे समाधान आणि ते समूळ जाणार नाही हे ऐकल्याची धास्ती, अशा दोन भावना रुग्णाच्या मनात एकदमच येतात. निदानानंतरचे पहिले काही महिने फार मोलाचे असतात, कारण या काळात रुग्ण आपल्या वेदनेविषयी काय समजून घेतो आणि आराम कोठे शोधू लागतो, यावर पुढची बरीच वर्षे कशी जातील हे ठरते.

हा आजार दुर्मीळ नाही. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून लोकसंख्येत त्याचे प्रमाण साधारण 2 ते 4 टक्के धरले जाते. तो कोणत्याही वयात होऊ शकतो, पुरुषांनाही होतो, पण निदान झालेल्यांत स्त्रियांची संख्या बरीच जास्त असते. अंगदुखीचा प्रश्न समाजात किती खोलवर पसरलेला आहे याचा पुरावा महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमांतर्गत पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 पासून पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघरी जाऊन पाहणी केली, आणि दुखण्याची तक्रार करणाऱ्यांत आमवातासारख्या सुजेच्या आजारांपेक्षा स्नायू, स्नायुबंध यांसारख्या मऊ भागांच्या व कोणत्याही ठरावीक नावाखाली न बसणाऱ्या दुखण्यांचा वाटा मोठा असल्याचे त्यांना आढळले. अशी सर्व दुखणी म्हणजे फायब्रोमायॅल्जिया नव्हे. परंतु ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, पण अंग दुखते’ ही तक्रार केवळ शहरी, बैठ्या आयुष्याची देणगी आहे हा समज त्या पाहणीपुढे टिकत नाही.

या आजाराकडे पाहण्याची वैद्यकाची दृष्टी गेल्या शतकभरात पुष्कळ बदलली. ब्रिटिश वैद्य विल्यम गॉवर्स यांनी 1904 मध्ये स्नायूंच्या तंतुमय भागाला सूज येत असावी असे गृहीत धरून त्याला ‘फायब्रोसायटिस’ म्हटले. पुढे स्नायूंचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनही तशी सूज सापडली नाही, आणि 1976 च्या सुमारास सुजेचा दावा न करणारे ‘फायब्रोमायॅल्जिया’ हे नाव पुढे आले. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संस्थेने 1990 मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार अंगावरील 18 विशिष्ट बिंदूंवर सुमारे 4 किलोग्रॅमचा दाब दिला जाई आणि त्यांपैकी किमान 11 ठिकाणी दुखल्यास, तसेच तीन महिन्यांहून अधिक काळ शरीराच्या सर्व भागांत वेदना असल्यास निदान निश्चित होई. ही पद्धत दाब देणाऱ्याच्या बोटांवर फार अवलंबून होती आणि थकवा, झोप, स्मरण यांची तीत दखलच नव्हती. त्यामुळे 2010 मध्ये व सुधारून 2016 मध्ये आलेल्या निकषांत बिंदू दाबणे सोडून देण्यात आले. आता शरीराच्या 19 भागांपैकी किती भागांत दुखते, आणि थकवा, ताजेतवाने न करणारी झोप व विचारांतला धूसरपणा ही लक्षणे किती तीव्र आहेत, यांची गुणांकाने बेरीज केली जाते. लक्षणे किमान तीन महिने टिकलेली असावी लागतात. 2016 च्या सुधारणेने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली, ती अशी की दुसरा एखादा आजार असला म्हणून फायब्रोमायॅल्जियाचे निदान रद्द होत नाही. आमवाताच्या रुग्णाला तो जोडीने असू शकतो, आणि सांध्यांची सूज औषधांनी उतरल्यावरही अंग दुखतच राहिले तर त्याचे कारण पुष्कळदा तेच असते.

हे निदान रक्ताच्या चाचणीने होत नसले तरी चाचण्या अनावश्यक ठरत नाहीत. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावणे, ड किंवा ब12 जीवनसत्त्वाची कमतरता, रक्तक्षय, स्नायूंचे दाहक आजार, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांचा दुष्परिणाम, यांपैकी कशानेही अंग दुखू शकते, आणि यांतील बहुतेक कारणांवर सरळ उपाय आहेत. शाकाहारी घरांत ब12 ची आणि सर्व थरांत ड जीवनसत्त्वाची उणीव आपल्याकडे इतकी सर्रास आढळते की ती तपासून भरून काढणे ही पहिली पायरीच मानावी. चिकुनगुन्या होऊन गेल्यावर महिनोन्‌महिने रेंगाळणारी सांधेदुखी हा महाराष्ट्राच्या परिचयाचा प्रकार आहे. तेथे सांध्यांत खरोखर सूज आहे की वेदना पसरून फायब्रोमायॅल्जियाचे रूप घेऊ लागली आहे, हे तज्ज्ञाने हाताने तपासूनच ठरवावे लागते. मात्र एकदा ही कारणे नीट वगळली गेली की त्याच तपासण्या दर दोन महिन्यांनी पुन्हा करण्यातून काही निष्पन्न होत नाही. उलट एखाद्या अहवालातील किरकोळ, निरर्थक फरक धरून नवी भीती व नवे औषध सुरू होते. निरोगी माणसांतही काही वेळा आरए फॅक्टर किंवा एएनए या चाचण्या सौम्य प्रमाणात सकारात्मक येतात, आणि केवळ तेवढ्यावरून आमवाताचे उपचार घेत राहिलेले रुग्ण तज्ज्ञांच्या पाहण्यात येतात.

सूज नाही, इजा नाही, तर वेदना येते कोठून, या प्रश्नाचे उत्तर समजणे हाच या आजारातील उपचाराचा पाया आहे. त्वचा, स्नायू, सांधे यांच्याकडून येणारे संदेश मज्जारज्जूमार्फत मेंदूकडे जातात, पण ते जसेच्या तसे पोहोचत नाहीत. मेंदूकडून खाली येणारे मज्जामार्ग त्या संदेशांवर सतत नियंत्रण ठेवतात. उसाच्या फडात दारे धरणारा माणूस पाटाचे पाणी कोणत्या सरीला किती सोडायचे हे जसे पाहतो, तसे हे मार्ग कोणता संदेश वर जाऊ द्यायचा आणि कोणता अडवायचा हे ठरवतात. सेरोटोनिन व नॉरएपिनेफ्रिन ही रसायने त्या कामी वापरली जातात. फायब्रोमायॅल्जियात ही दारे सैल पडतात आणि त्याच वेळी संदेश वाढवणाऱ्या रसायनांचा जोर चढतो. पाठीच्या कण्यातील द्रवात ‘सबस्टन्स पी’ हे वेदनासंदेश वाहणारे रसायन निरोगी माणसांच्या दुपटी-तिपटीने आढळल्याचे 1990 च्या दशकापर्यंत स्पष्ट झाले होते. 2002 मध्ये रिचर्ड ग्रेसली व सहकाऱ्यांनी फायब्रोमायॅल्जियाचे 16 रुग्ण आणि 16 निरोगी व्यक्ती यांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूतील रक्तप्रवाहाचे चित्रण केले. निरोगी व्यक्तींना जेवढी वेदना होण्यासाठी 4 किलोग्रॅमहून अधिक दाब लागला, तेवढीच वेदना रुग्णांना सुमारे 2.4 किलोग्रॅम दाबाने झाली, आणि मेंदूतील वेदनेशी संबंधित भाग दोन्ही गटांत सारखेच उजळले. रुग्ण वेदना वाढवून सांगतात असा आरोप ज्यांच्यावर वर्षानुवर्षे झाला, त्यांच्या बाजूने दिलेली ही ठाम साक्ष होती, आणि ती अधिक लोकांपर्यंत पोहोचायला हवी होती.

आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने 2017 मध्ये अशा वेदनेसाठी ‘नोसिप्लास्टिक’ हा तिसरा वर्ग मान्य केला. ऊतींना इजा झाल्याने होणारी वेदना हा पहिला वर्ग, मज्जातंतूला इजा झाल्याने होणारी दुसरा, आणि इजेचा स्पष्ट पुरावा नसताना वेदनेची यंत्रणाच अतिसंवेदनशील झाल्याने होणारी ती तिसरा. तथापि सारे काही मेंदूतच घडते असे मानणेही घाईचे ठरेल. 2013 पासूनच्या अभ्यासांत बऱ्याच रुग्णांच्या त्वचेतील अतिसूक्ष्म मज्जातंतू विरळ झालेले आढळले आहेत. आणि 2021 मध्ये ब्रिटन व स्वीडनमधील संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना टोचली, तेव्हा ते उंदीर दाबाला व थंडीला अधिक संवेदनशील झाले, निरोगी माणसांच्या प्रतिपिंडांनी मात्र तसे घडले नाही. या शोधांतून उद्या नवे उपचार निघू शकतील. आज निदान झालेल्या रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी माहिती मात्र वेगळी आहे : या आजारात सांधे वाकडे होत नाहीत, स्नायू झिजत नाहीत, आणि हालचाल करताना दुखले म्हणजे आत काही तुटते आहे असा त्याचा अर्थ नसतो.

हे एकदा पटले की नेहमीच्या वेदनाशामकांचा गुण का येत नाही याचा उलगडा होतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या सूज निर्माण करणाऱ्या रसायनांवर काम करतात, आणि जेथे सूजच नाही तेथे त्यांना करण्यासारखे फारसे काही उरत नाही. वर्षानुवर्षे घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांना अपाय मात्र होतो. स्टिरॉइडचीही तीच गत आहे, कारण 1985 मध्येच प्रेडनिसोनची तुलना निष्क्रिय गोळीशी करून पाहण्यात आली आणि त्याचा फायदा आढळला नाही. अफूजन्य तीव्र वेदनाशामकांबाबत तर अधिक सावधगिरी हवी. मेंदूत अशा औषधांना प्रतिसाद देणारी जी ग्रहणस्थाने असतात, ती या रुग्णांत कमी प्रमाणात मोकळी असल्याचे 2007 च्या एका अभ्यासात दिसले, आणि दीर्घकाळ वापरल्यास ही औषधे वेदनेची संवेदनशीलता स्वतःच वाढवू शकतात. ‘जालीम’ म्हणून हातोहात विकल्या जाणाऱ्या, घटक न सांगणाऱ्या पुड्या व गोळ्या यांच्यापासून रुग्णाने कटाक्षाने दूर राहावे. अशा पुड्यांत छुपे स्टिरॉइड आढळल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत, आणि चार दिवसांच्या तरतरीची किंमत पुढे मधुमेह, ठिसूळ हाडे व अधिवृक्क ग्रंथींची शिथिलता अशा रूपांत मोजावी लागते.

मग आराम मिळतो कशाने? युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत उपलब्ध सर्व उपचारांचा पुरावा पारखून ज्या एकाच उपायाला ‘जोरदार शिफारस’ असा दर्जा दिला, तो व्यायाम होता. ज्याला अंथरुणातून उठणे जड जाते त्याला व्यायाम सांगणे प्रथमदर्शनी निर्दय वाटते, आणि केवळ ‘चालायला जात जा’ एवढेच सांगून रुग्णाची बोळवण केली तर ते खरोखरच निर्दय असते. नियमित हालचालीने मेंदूकडून खाली येणारे ते वेदना अडवणारे मार्ग हळूहळू पुन्हा सक्षम होतात, झोप गाढ होते आणि निकामी राहून अशक्त झालेले स्नायू थोड्या श्रमाने दमेनासे होतात. पण हा बदल आठवड्यांच्या हिशेबाने होतो, आणि सुरुवातीचे काही दिवस वेदना थोडी वाढतेसुद्धा. हे आधी सांगितलेले नसेल तर रुग्ण तिसऱ्या दिवशी व्यायाम सोडतो आणि ‘मला व्यायाम सोसत नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. त्याचा निष्कर्ष चुकीचा असला तरी त्यात दोष त्याचा नसतो.

सुरुवात आपल्याला जमेल असे वाटते त्याहूनही कमी प्रमाणात करावी, हा येथील मुख्य नियम आहे. एखाद्या स्त्रीला दहा मिनिटे चालल्यावर दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावे लागत असेल, तर तिने पाच मिनिटे चालावे, तेही सपाट रस्त्यावर आणि रोज. आठवडाभर ते सुखाने जमले की एखाद-दुसरे मिनिट वाढवावे. काही महिन्यांत आठवड्यातून दोन-तीन वेळा वीस ते तीस मिनिटे मध्यम गतीने चालता येणे हे बहुतेकांना गाठता येईल असे उद्दिष्ट आहे. पुढे हलकी वजने किंवा रबरी पट्टे वापरून स्नायूंना बळ देणारे व्यायाम जोडल्यास लाभ वाढतो. ज्यांना गुडघेदुखीमुळे चालणे जमत नाही त्यांच्यासाठी कोमट पाण्यातील व्यायाम चांगले ठरतात, कारण पाणी शरीराचा भार उचलते. असे तलाव मात्र आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी आहेत. ताई ची या संथ, लयबद्ध चिनी व्यायामप्रकाराची 226 रुग्णांवर घेतलेली चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि नेहमीच्या एरोबिक व्यायामाइतका किंवा त्याहून थोडा अधिक गुण त्याने आला. योगासने, श्वसन व ध्यान यांच्या आठ आठवड्यांच्या एकत्रित कार्यक्रमाने वेदना व थकवा कमी झाल्याचे 2010 मध्ये अमेरिकेत 53 स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात दिसले. महाराष्ट्रात योगवर्ग गावोगावी चालतात, ही रुग्णांच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. फक्त शिक्षकांना आजाराची आधी कल्पना द्यावी, ताण देऊन आसन ‘पूर्ण’ करण्याचा अट्टहास टाळावा आणि शवासनाला घाई करू नये.

व्यायामाइतकीच अवघड गोष्ट म्हणजे कामाची वाटणी. बरे वाटलेल्या दिवशी साठलेली सगळी कामे उरकायची आणि मग तीन दिवस पडून राहायचे, हे चक्र या आजारात जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत दिसते, आणि वेदना चिघळण्यास ते मोठ्या प्रमाणावर कारण होते. गौरी-गणपतीत किंवा दिवाळीच्या फराळाच्या आठवड्यात पहाटेपासून ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बाईला त्याचे मोल पुढचे पंधरा दिवस चुकवावे लागते, आणि घरात मात्र ‘तेव्हा तर चांगली उभी होतीस’ असे म्हटले जाते. बऱ्या दिवशी हात आखडता घेणे व वाईट दिवशीही थोडी हालचाल चालू ठेवणे, काम तुकड्यांत वाटणे, दुखू लागण्याची वाट न पाहता घड्याळ पाहून विश्रांती घेणे, भाजी निवडणे वा पोळ्या लाटणे बसून करणे, या साध्या बदलांनी दिवसाकाठी वाचणारी शक्ती लक्षणीय असते. मुंबईच्या लोकलने रोज उभ्याने प्रवास करणाऱ्याला कामाची वेळ तासभर पुढे-मागे करून मिळाली, तर त्याचा उपयोग एखाद्या औषधाहून कमी ठरत नाही. हे बदल रुग्णाने एकट्याने करण्यासारखे नाहीत. कुटुंबाने ते मान्य करावे लागतात, आणि ज्या घरात स्त्रीचे दमणे हा तिचा आळस समजला जातो तेथे डॉक्टरांनी पतीला किंवा सासूबाईंना समोर बसवून आजार समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

झोपेचा आणि या वेदनेचा संबंध बराच आधी लक्षात आला होता. टोरंटो येथील हार्वी मोल्डॉफ्स्की व सहकाऱ्यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांची फक्त गाढ झोप काही रात्री आवाज करून मोडली, त्यांना पूर्ण जागे होऊ दिले नाही; तरीही त्यांचे स्नायू दुखू लागले व दाबाला हळवे झाले. म्हणजे वेदनेने झोप मोडते हे जितके खरे, तितकेच मोडलेल्या झोपेने वेदना वाढते हेही खरे आहे. झोपण्या-उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही न बदलणे, दुपारची लांब झोप टाळणे, संध्याकाळनंतर चहा-कॉफी न घेणे आणि झोप येत नसताना अंथरुणात तळमळत न राहणे हे नियम जुने असले तरी त्यांचा परिणाम होतो. पण त्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. मोठ्याने घोरणाऱ्या व दिवसा पेंगणाऱ्या रुग्णाला झोपेत श्वास अडण्याचा विकार असू शकतो. आणि रात्री पाय हलवत राहावेसे वाटत असेल तर शरीरातील लोहाचा साठा कमी असल्याची शक्यता असते. दोहोंवर निश्चित उपचार आहेत, आणि ते केल्यावर अंगदुखीही पुष्कळ कमी झाल्याचा अनुभव येतो.

औषधांना या आजारात स्थान आहे, परंतु ते दुय्यम आहे हे रुग्णाने आधीच जाणून घेतलेले बरे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने प्रीगॅबालिनला 2007 मध्ये, ड्युलोक्सेटिनला 2008 मध्ये आणि मिल्नासिप्रानला 2009 मध्ये या आजारासाठी मान्यता दिली. युरोपीय नियामकांनी मात्र तीच माहिती तपासून लाभ पुरेसा नसल्याच्या कारणाने तिन्ही औषधांना या आजारासाठी मान्यता नाकारली. एकाच पुराव्यावरून दोन नियामक संस्था विरुद्ध निर्णयांवर आल्या, यावरून परिणामाची मर्यादा ध्यानात येते. प्रीगॅबालिनच्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर निष्क्रिय गोळीच्या तुलनेत दर दहा रुग्णांमागे सुमारे एका अधिक रुग्णाची वेदना निम्म्याने कमी होते. ज्याला हा गुण येतो त्याच्या दृष्टीने तो मोठाच असतो, म्हणून औषध करून पाहणे योग्य. पण काही आठवड्यांत फरक न पडल्यास ते डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने थांबवणेही तितकेच योग्य, कारण चक्कर, पेंग, पायांवर सूज व वाढते वजन हे प्रीगॅबालिनचे, तर मळमळ व घाम हे ड्युलोक्सेटिनचे परिचित त्रास आहेत. ही औषधे आपल्या मनाने एकाएकी बंद करू नयेत.

स्वस्त व जुने अमिट्रिप्टिलिन अजूनही अनेक तज्ज्ञांची पहिली निवड असते. नैराश्यावर ते ज्या मात्रेत दिले जाते तिच्या तुलनेत येथे रात्री केवळ 10 ते 25 मिलिग्रॅमची मात्रा वापरली जाते, आणि तिचा मुख्य लाभ झोप सुधारणे हा असतो. चिठ्ठीवर नैराश्याचे औषध पाहून ‘डॉक्टरांनी मला वेडे ठरवले’ असे रुग्णास वाटते व गोळी कचऱ्यात जाते. वेदना अडवणाऱ्या मज्जामार्गांना लागणारी रसायने हीच औषधे वाढवतात, एवढे एक वाक्य डॉक्टरांनी सांगितले तर हा गैरसमज होत नाही. 2025 मध्ये अमेरिकेत सायक्लोबेन्झाप्रिन या औषधाच्या जिभेखाली ठेवायच्या गोळीला रात्री घेण्यासाठी मान्यता मिळाली असून तिचा रोखही झोपेवरच आहे. अल्प मात्रेतील नाल्ट्रेक्सोनबद्दल रुग्णांमध्ये बरीच आशा होती. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅनिश चाचणीत वेदनेवर त्याचा परिणाम निष्क्रिय गोळीहून निश्चितपणे सरस असल्याचे सिद्ध होऊ शकले नाही.

मनाच्या उपचारांविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत. विचार व वर्तन यांवर काम करणारी, सीबीटी या नावाने ओळखली जाणारी पद्धत वेदना काल्पनिक आहे असे गृहीत धरत नाही. दुखेल या भीतीने हालचाल टाळणे, ‘आता हे वाढतच जाणार’ या विचाराने रात्र काढणे, यांमुळे मज्जासंस्था सतत सावध अवस्थेत राहते आणि वेदनेचे दार आणखी उघडते. प्रशिक्षित समुपदेशकाच्या मदतीने ही सावधता कमी करता येते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2021 मध्ये दीर्घकालीन प्राथमिक वेदनेसाठी दिलेल्या मार्गदर्शनात व्यायामाच्या जोडीला या पद्धतीचा समावेश आहे, तर पॅरासिटामॉल, सूजविरोधी गोळ्या व अफूजन्य औषधे सुरू करू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. दीर्घ वेदनेबरोबर खरे नैराश्यही येऊ शकते. जगणे नकोसे वाटण्यापर्यंत मजल गेली तर ते लपवू नये. भारत सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक अहोरात्र उपलब्ध असतो आणि मराठीतही बोलता येते.

तेल लावून हलक्या हाताने चोळणे, गरम पाण्याने शेकणे यांनी काही तास बरे वाटते, आणि तेवढ्यासाठी ते अवश्य करावे; मात्र जोराने रगडून घेतल्यास या रुग्णांचे दुखणे हमखास वाढते, आणि मान किंवा कणा झटक्याने ‘बसवून’ घेणे तर धोक्याचे आहे. आहाराबाबत खात्रीने सांगता येईल असे फार थोडे आहे. वजन जास्त असल्यास ते उतरल्यावर वेदना कमी होते याला आधार आहे. एकेक पदार्थ वर्ज्य करत ताट रिकामे करण्याला नाही.

सुधारणा मोजायची कशी, हेही निदानानंतर लवकर ठरवावे. आज किती दुखते हे रोज तपासत राहिल्याने लक्ष वेदनेवरच खिळते. त्याऐवजी गेल्या महिन्यात न जमलेले काय या महिन्यात जमले, म्हणजे जिना न थांबता चढणे, नातवंडाला उचलणे, सलग झोप लागणे, अर्धा दिवस कामावर बसणे, याची नोंद अधिक उपयोगी ठरते, आणि डॉक्टरांनाही उपचार ठरवताना तीच कामी येते. थंडी, जागरण, ताप किंवा घरातील ताणतणाव यांनी वेदना अधूनमधून उसळते. अशा वेळी व्यायाम निम्म्यावर आणावा, पूर्ण थांबवू नये, आणि औषधे आपणहून वाढवू नयेत. बहुतेक उसळ्या काही दिवसांत ओसरतात. परंतु सांध्यावर डोळ्यांना दिसणारी सूज, सकाळी तासाहून जास्त टिकणारा ताठरपणा, ताप, कारणाशिवाय घटणारे वजन, हातापायांतील शक्ती जाणे, लघवी-शौचावरील नियंत्रण सुटणे किंवा आधी कधी नव्हती अशी डोकेदुखी यांपैकी काही नव्याने दिसले, तर ते फायब्रोमायॅल्जियाच्या खाती जमा न करता लगेच तपासून घ्यावे, कारण या आजाराचे निदान झालेल्या माणसाला इतर आजारही सर्वांसारखेच होऊ शकतात.